पंचवीस दिवसांत बुद्धी वाढते का?

जत्रेच्या नाटकाची तालीम आटपून रात्री घरी आलो, तर शेजारच्या वहिनी आमच्याच सोप्यावर बसून होत्या. हातात मोबाइल.

"भावजी, हे बघा. रोज अर्धा तास, 25 दिवस. मेंदूचा व्यायाम. स्मरणशक्ती वाढते, गणित सुधारतं, बुद्ध्यांकसुद्धा वाढतो म्हणे. भरू का पैसे?"

मुलगा आठवीत. फोंड्याच्या बाजारात पाच वस्तू आणायला पाठवला तर तीन आणतो, त्यातली एक चुकीची. मी आयुष्यभर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं, म्हणून हा खटला माझ्यापुढे आला. "नको" एवढं एका शब्दात सांगून मोकळा झालो असतो. पण वहिनी ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हेत, त्यांना कारण लागतं. आणि कारण खरोखरच सांगण्यासारखं आहे.

आधी हा व्यायाम कशाचा, ते पाहू. मासळी बाजारात उभ्या आहात. बांगडे 200, सुंगटं 350, तिसऱ्या 120. मासळीवाली म्हणते, वीस कमी द्या. तुम्ही हजार रुपये काढता आणि परत किती यायचे ते मनात मांडता. हे चालू असताना मागून कुणीतरी हाक मारतं, तिला उत्तर देऊनही तुमचा 350 चा आकडा निसटत नाही. आकडे डोक्यात धरून ठेवायचे आणि त्याच वेळी त्यांच्यावर काम करायचं, ही जी मनातली छोटी जागा आहे तिला वर्किंग मेमरी म्हणतात. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी 1974 साली तिचा आराखडा मांडला: ऐकलेलं मनात घोळवणारा एक भाग, पाहिलेलं धरून ठेवणारा दुसरा, आणि लक्ष कुठे द्यायचं ते ठरवणारा तिसरा.

ही जागा फार लहान असते. जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये सात, दोन इकडे-तिकडे, असा आकडा दिला होता. पुढे नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये दाखवलं की मनात उजळणी करायला वाव दिला नाही, तर तो चारच्या आसपास येतो. चार! आपल्या डोक्याच्या टेबलावर एका वेळी चार वस्तू मावतात.

नाटकातली स्मरणशक्ती ती ही नव्हे. आमच्या गावात तीन अंकी ऐतिहासिक नाटक तोंडपाठ असलेले एक नट आहेत. वीस वर्षांपूर्वीची पल्लेदार भाषणं ते आजही न अडखळता म्हणतात, आणि चष्मा कुठे ठेवला ते विंगेत येऊन मला विचारतात. भाषणं दीर्घकालीन स्मृतीत असतात आणि तिथे जागेची ददात नाही. वर्किंग मेमरी लागते ती प्रॉम्प्टरला: समोरचा नट कुठवर आला, पुढचं वाक्य कुठलं, त्याने मधली दोन वाक्यं गाळली तर कुठून धरायचं, हे सगळं एका श्वासात. प्रॉम्प्टिंग मी बावीस वर्षं करतोय, त्यामुळे या विषयाशी माझं थोडं जवळचं नातं लागतं.

आता हिचा आणि बुद्धीचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो घट्ट आहे. वर्किंग मेमरीच्या चाचण्यांत ज्यांना चांगले गुण पडतात, त्यांना नवी कोडी सोडवायच्या, तर्क लढवायच्या चाचण्यांतही बहुधा चांगले पडतात. वाचून समजणं, तोंडी हिशेब, वर्गातल्या लांबलचक सूचना पाळणं, सगळीकडे हेच दिसतं. मग विचार सुचणं साहजिक होतं: टेबल लहान म्हणून काम अडतं ना? टेबलच मोठं करू.

मराठीत तालीम या शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि या सगळ्या भांडणाचं मूळ मला त्या दोन अर्थांत दिसतं. आखाड्यातल्या तालमीत कमावलेलं बळ तांदळाचं पोतं उचलायला येतं, विहिरीचं पाणी शेंदायलाही येतं. नाटकाच्या तालमीने मात्र ते एक नाटक बसतं. पुढच्या वर्षी दुसरं नाटक घेतलं की पुन्हा पहिल्या प्रवेशापासून सुरुवात. वर्किंग मेमरीचा सराव यातल्या कुठल्या तालमीसारखा?

सुरुवातीला वाटलं, आखाड्यासारखा. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या टॉर्केल क्लिंगबर्ग यांनी लक्ष टिकत नसलेल्या, एडीएचडीच्या मुलांना संगणकावर असा सराव दिला. 2002 आणि 2005 च्या त्यांच्या अभ्यासांत मुलं सुधारलेली दिसली. त्यातूनच कॉगमेड हा कार्यक्रम निघाला: पाच आठवडे, 25 बैठका. वहिनींच्या मोबाइलवरचे 25 दिवस कुठून आले असावेत, याचा अंदाज तुम्हाला आला असेल.

मग 2008 साली सुझान येगी आणि सहकाऱ्यांचा निबंध आला आणि खरी खळबळ उडाली. त्यातला खेळ समजून घ्या, कारण आज बाजारात जे विकलं जातं त्यातलं बरंचसं याच्याच पोटातलं आहे. नाव एन-बॅक. दर तीन सेकंदांनी एक अक्षर कानावर पडतं: म, ट, म, स, ट, स. आत्ताचं अक्षर दोन घरं मागच्या अक्षराशी जुळलं की बटण दाबायचं. तिसरा 'म' पहिल्याशी जुळतो, दाबा. चौथा 'स', दोन मागे 'ट', सोडा. पाचवा 'ट', दोन मागे 'म', सोडा. सहावा 'स' चौथ्याशी जुळतो, दाबा. सोपं वाटतं? त्याच वेळी पडद्यावर एक चौकोन जागा बदलत फिरतो आणि त्याचंही दोन घरं मागचं ठिकाण लक्षात ठेवायचं असतं. हा झाला दुहेरी एन-बॅक. जमायला लागला की दोनाचे तीन, तिनाचे चार.

एकाच वेळी दोन धागे सांभाळायचे म्हटलं की आपल्याकडे तबलावादक खाप्रुमामा पर्वतकरांची आठवण निघतेच. दोन हातांत दोन ताल, पायात तिसरा, तोंडाने आणखी वेगळी मोजणी, आणि सगळे समेवर एकत्र, असं त्यांच्याबद्दल जुनी माणसं सांगतात. लयभास्कर ही पदवी उगाच नव्हती. पण मामांना लय इतकी साधली म्हणून त्यांना जमाखर्चही तसाच साधत असेल, असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. तबल्याच्या बाबतीत आपल्याला जे उमजतं, ते मोबाइलवरच्या खेळाच्या बाबतीत का निसटतं कोण जाणे.

येगींच्या अभ्यासात लोकांनी रोज साधारण 25 मिनिटं हा खेळ खेळला. कुणी 8 दिवस, कुणी 12, 17 किंवा 19. आधी आणि नंतर आकृत्यांच्या कोड्यांची बुद्धिचाचणी. खेळणाऱ्यांचे गुण न खेळणाऱ्यांपेक्षा जास्त वाढले, आणि जितके दिवस जास्त तितकी वाढ जास्त. बुद्धी ही जन्माची शिदोरी, तीत फार फरक पडत नाही, असं मानणाऱ्या शास्त्राला हा धक्काच होता. वर्तमानपत्रांनी तो उचलला, आणि मागोमाग कंपन्यांनी.

भेगा लवकरच दिसल्या. तुलनेला घेतलेला गट नुसता घरी बसला होता. बुद्धिचाचणीला नेहमी 45 मिनिटं असतात, इथे बहुतेक गटांना 10 दिली होती. त्या चाचणीत पुढची कोडी अवघड होत जातात, आणि बुद्धीचा कस लागतो तो तिथेच. वेळ कापल्यामुळे तिथवर पोचायलाच फारसा वाव उरला नाही. शिवाय आठ दिवसांच्या गटाला चाचणीच वेगळी होती.

घरी बसलेला गट का चालत नाही, ते जरा विस्ताराने सांगतो, कारण फसवणूक इथेच शिरते आणि ती मुद्दाम केलेली असायला लागत नाही. एकच चाचणी दुसऱ्यांदा दिली की गुण तसेही वाढतात, ते दोन्ही गटांचे वाढतील. पण एका गटाला ठाऊक असतं की आपण रोज मेहनत घेतली, आपल्यावर कुणाचं तरी लक्ष आहे, आपण सुधारणार आहोत. तो गट दुसऱ्या वेळी पेटून सोडवतो. हे निव्वळ कल्पनेतलं नाही. 2016 साली अमेरिकेत सायरस फोरोघी आणि सहकाऱ्यांनी एक मजेदार प्रयोग केला. कॉलेजात दोन प्रकारची पत्रकं लावली. एकावर लिहिलं: मेंदूचा सराव, बुद्धी वाढवा. दुसऱ्यावर नुसतं: प्रयोगात भाग घ्या. प्रत्येक पत्रकावरून 25 जण आले. सगळ्यांनी तोच खेळ फक्त एक तास खेळला आणि दुसऱ्या दिवशी बुद्धिचाचणी दिली. पहिल्या पत्रकाच्या लोकांचे गुण बुद्ध्यांकाच्या मापात 5 ते 10 अंशांनी वाढले, दुसऱ्यांचे वाढलेच नाहीत. एका तासात टेबल मोठं होत नसतं. वाढवलं ते पत्रकाने.

म्हणून तुलनेच्या गटालाही काहीतरी करायला द्यावं लागतं, आणि तेही असं की त्यांनाही आपण सुधारतोय असं वाटावं. थॉमस रेडिक आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये तसं केलं. एक गट दुहेरी एन-बॅक खेळला, दुसरा गर्दीतून चिन्ह शोधायचा खेळ, तिसऱ्याने काहीच केलं नाही. वीस बैठका आणि एकूण 17 चाचण्या. जो तो आपापल्या खेळात तरबेज झाला. बुद्धीच्या चाचण्यांत तिघेही जिथल्या तिथे.

त्याआधी 2010 मध्ये एड्रियन ओवेन यांनी बीबीसीच्या मदतीने 11,430 लोकांकडून सहा आठवडे निरनिराळे मेंदूचे खेळ खेळवून घेतले होते. निकाल तोच: खेळात प्रगती, खेळाबाहेर नाही.

मुलांबद्दल म्हणाल, तर वहिनींसाठी सगळ्यात कामाचा अभ्यास मेलबर्नचा. पहिलीतल्या सुमारे सतराशे मुलांची चाचणी घेऊन ज्यांची वर्किंग मेमरी कमी भरली अशी 452 मुलं निवडली. म्हणजे ज्यांना फायदा व्हायचा तर यांनाच व्हावा. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एकाला शाळेतच कॉगमेडच्या 20 ते 25 बैठका दिल्या. सहा महिन्यांनी स्मृतीच्या एकदोन चाचण्यांत थोडी वाढ दिसली, ती पुढे विरली. दोन वर्षांनी वाचनात, स्पेलिंगमध्ये काही फरक नाही, आणि गणितात सराव केलेली मुलं उलट किंचित मागे. बैठका चालायच्या तेव्हा वर्गात शिकवणं चालू होतं, ते बुडालं. हा निबंध 2016 चा.

एवढं होऊनही शास्त्रज्ञांचं एकमत झालं असं समजू नका. 2014 साली सुमारे 70 शास्त्रज्ञांनी पत्रक काढलं की मेंदूच्या खेळांच्या जाहिरातींना पुरेसा आधार नाही. दोन महिन्यांत शंभरावर जणांनी दुसरं पत्रक काढून, आधार अगदीच नाही असं म्हणू नका, असं सुनावलं. 2015 मध्ये एन-बॅकच्या 20 अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडून जॅकी आऊ आणि सहकाऱ्यांनी छोटासा फायदा दाखवला. 2016 मध्ये मोनिका मेल्बी-लेर्व्होग, रेडिक आणि चार्ल्स ह्यूम यांनी 87 निबंध घेऊन दाखवलं की तुलनेचा गट कामाला लावलेला असेल, तिथे बुद्धीवरचा परिणाम शून्याच्या आसपास जातो. मला हा दुसरा हिशेब पटतो. अभ्यास जितका काटेकोर तितका परिणाम बारीक होत जात असेल, तर मूळ परिणामाबद्दलच शंका घ्यावी. जाहिरातीचं म्हणाल तर 2016 च्या जानेवारीत अमेरिकेच्या व्यापार आयोगाने लुमोसिटी हे मेंदूच्या खेळांचं ॲप चालवणाऱ्या कंपनीला फसव्या दाव्यांबद्दल 20 लाख डॉलर भरायला लावले.

मग सरावाने होतं तरी काय? माणूस खेळात इतका सुधारतो, ते खोटं नाही ना?

खोटं नाही, आणि मला या विषयातली सगळ्यात आवडती गोष्ट इथेच आहे. 1980 साली अँडर्स एरिक्सन आणि विल्यम चेस यांनी एका साध्या कॉलेज विद्यार्थ्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला आकडे वाचून दाखवायचे आणि त्याने ते क्रमाने म्हणायचे. सुरुवातीला सात आकडे, म्हणजे तुमच्या-माझ्याइतके. दीडएक वर्षात 230 तासांचा सराव झाला आणि गडी 79 आकडे म्हणू लागला. वाचताना छाती दडपते. टेबल दहापट झालं म्हणायचं! पण मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली. सहा. सहाच्या पुढे गाडी हलेना.

गुपित असं होतं की हा पोरगा शर्यतीत धावणारा. 3492 ऐकलं की त्याच्या मनात यायचं, "तीन मिनिटं 49.2 सेकंद, मैलाच्या जागतिक विक्रमाजवळची वेळ." चार आकड्यांची एक वस्तू झाली. जे वेळेत बसत नाहीत त्यांची वयं करायची: 893 म्हणजे 89.3 वर्षांचा म्हातारा. त्या वस्तूंचे पुन्हा गठ्ठे, गठ्ठ्यांचे गठ्ठे. टेबल तेवढंच राहिलं, त्याने सामान रचायची शक्कल काढली. ती शक्कल आकड्यांची होती, अक्षरांना धावायच्या वेळा चिकटत नाहीत. जपानमध्ये ॲबॅकसच्या, म्हणजे मण्यांच्या मोजपाटीच्या, महागुरूंवर 1983 साली झालेल्या अभ्यासातही हेच निघालं: पंधराएक आकडे सहज, पण फळांची नावं दिली की सामान्य माणसाइतकीच.

एन-बॅक खेळणारेही अशीच काहीतरी शक्कल नकळत बसवतात, असं सूझन गॅदरकोल आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये मांडलं. खेळ नवखा असतो, मनाजवळ त्याची तयार पद्धत नसते, सरावाने ती तयार होते. तशाच घडणीचा दुसरा खेळ आला तर ती तिथेही चालते. घडण बदलली की ती निरुपयोगी. मानसशास्त्राच्या पुस्तकात याला जवळचं आणि दूरचं अध्ययन-संक्रमण म्हणतात. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी 1901 मध्येच सांगितलं होतं की दोन कामांत जितका भाग सामाईक, तितकंच एकातलं शिकणं दुसऱ्यात उतरतं. त्या काळी लॅटिन शिकवलं की डोकं तल्लख होतं, असा समज होता. आपल्याकडे लॅटिनच्या जागी पावकी-निमकीचे पाढे होते.

पाढ्यांचं नाव काढलंच आहे, तर त्यांची बाजू घेतो. पाढे पाठ केल्याने बुद्धीला धार येते असं नाही. पण सात आठे छप्पन्न हे ज्याला आपोआप आठवतं, त्याच्या टेबलावर ती गणती जागा अडवत नाही. मग भागाकाराच्या पुढच्या पायरीला जागा उरते. ज्याला बोटं मोजावी लागतात, त्याचं टेबल तिथेच भरतं आणि मूळ गणित जमिनीवर पडतं. बुद्धिबळातला मुरलेला खेळाडू पट एकदा बघून सोंगट्या जशाच्या तशा मांडतो, ते डावांच्या ओळखीमुळे. सोंगट्या वाटेल तशा विखरून ठेवल्या, तर त्याची मातब्बरी बरीचशी ओसरते, हे चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी 1973 मध्ये दाखवलं.

वहिनींचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता. "मग ॲबॅकस? माझ्या भावाची मुलगी जाते म्हापशाला."

याचं उत्तर लांबून आणावं लागत नाही, वडोदऱ्याहून मिळतं. तिथल्या एका शाळेत डेव्हिड बार्नर आणि सहकाऱ्यांनी दोनशेवर मुलांना तीन वर्षं पाहिलं. काहींना मनातल्या मनात ॲबॅकस चालवायला शिकवलं, बाकीच्यांना तेवढाच वेळ नेहमीच्या पद्धतीने जादा गणित. ॲबॅकसवाली मुलं आकडेमोडीत पुढे गेली. वर्किंग मेमरी वगैरे मूळ क्षमतांत मात्र फरक पडला नाही, आणि फायदा झाला तो बहुतेक त्यांनाच ज्यांची डोळ्यांपुढे चित्र धरून ठेवायची ताकद आधीच बरी होती. "म्हणजे आकडेमोड येईल," वहिनी म्हणाल्या. येईल. आकडेमोड शिकायला गेलं तर आकडेमोड येते.

बुद्ध्यांक वाढवायचा सगळ्यात भरवशाचा उपाय विचाराल, तर तो इतका कंटाळवाणा आहे की त्याची जाहिरात करता येत नाही: शाळा. स्टुअर्ट रिची आणि इलियट टकर-ड्रॉब यांनी 2018 मध्ये सहा लाखांहून जास्त लोकांची माहिती तपासली. शिक्षणाच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे बुद्ध्यांकात 1 ते 5 अंशांची भर दिसली. वर्षभर शाळेत जे चालतं ते एका खेळाइतकं एकसुरी नसतं. भाषा, नकाशे, प्रमेयं, भांडणं, मधल्या सुट्टीतला फुटबॉल. आता ही भर अस्सल बुद्धीची की नुसत्या चाचणीच्या गुणांची, यावर शास्त्रज्ञ भांडतातच.

आमच्या आईसाठीही विचारलं होतं वहिनींनी, विसरायला लागली आहे म्हणून. अमेरिकेत 2,832 वृद्धांवर एक मोठा अभ्यास झाला. स्मृती, तर्क आणि नजरेचा वेग, तिन्हींचा वेगवेगळ्या गटांना सराव. जो गट ज्यात घोटला गेला तो त्यातच सुधारला. तर्काचा आणि वेगाचा फायदा दहा वर्षांनीही मोजता आला, तेवढी बाब खरी कौतुकाची. आईला मी खेळ दिला नाही. तिला अभंग म्हणायला आवडतात, ते म्हणते.

वहिनींनी पैसे भरले नाहीत. मुलाला बाजारात पाठवताना आता चिठ्ठी देतात, तो पाचही वस्तू आणतो. चिठ्ठी घरी विसरला नाही तर.

राहता राहिलो मी. एवढं बोलून झाल्यावर वाटलं, आपण तो खेळ कधी खेळलोच नाही. फुकटातला दुहेरी एन-बॅक मिळतो, तो मोबाइलवर घेतला आणि तालमींच्या दिवसांत रोज 25 मिनिटं, मोजून 19 दिवस खेळलो. दोनावरून चारावर आलो. वाईट नाही. जत्रेच्या रात्री प्रॉम्प्टिंगला एकदाही चुकलो नाही, दुसऱ्या अंकात सेनापतींनी अख्खं पान गाळलं तेही सावरलं. बायको म्हणाली, खेळाचा गुण. आता हे खेळामुळे झालं की महिनाभराच्या तालमींमुळे, ते ठरवायला खेळ न खेळता नुसत्या तालमी केलेला आणखी एक मी त्या रात्री दुसऱ्या विंगेत उभा असायला हवा होता.